तार बारीक, सावली मोठी

२०१३ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी एका सौर घटाचे आकडे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. घट होता जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यात इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाच्या चाळीस लाखांच्या घरात तारा उभ्या केलेल्या होत्या. प्रत्येक तारेचा व्यास होता १८० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर, हे मनात धरलं तर या तारांच्या बारीकपणाचा थोडा अंदाज येईल. घटाकडे वरून पाहिलं असतं तर तारांनी व्यापलेली जागा भरली असती एकूण क्षेत्रफळाच्या १२ टक्के. बाकी ८८ टक्के जागेत अर्धवाहक नव्हताच.

साध्या व्यवहारी हिशेबाने अशा घटाला १२ टक्केच ऊन मिळायला हवं. पण त्यातून निघालेला विद्युतप्रवाह त्याच पदार्थाच्या सलग, सपाट आणि त्या काळच्या सर्वोत्तम घटाच्या ८३ टक्के भरला. कार्यक्षमता होती १३.८ टक्के. भर उन्हात एक चौरस मिलिमीटरवर साधारण एक मिलिवॉट ऊर्जा पडते, म्हणजे त्या ठिपक्यातून ०.१३८ मिलिवॉट वीज मिळत होती. वीज किरकोळ असली तरी मधल्या मोकळ्या जागेवर पडलेलं ऊन तारांनी मिळवलं कसं, हा प्रश्न किरकोळ नाही.

शाळेत आपण प्रकाशाचे किरण पट्टीने आखतो. किरण सरळ जातो, वस्तूवर आदळला तर अडतो, नाही आदळला तर पुढे निघून जातो. भिंत, झाड, माणूस यांच्या बाबतीत हे चित्र पुरतं. वस्तूचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीइतका झाला की ते कोलमडतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते. इंडियम फॉस्फाइडचा अपवर्तनांक साडेतीनच्या आसपास, म्हणून या पदार्थाच्या आत शिरल्यावर ७०० नॅनोमीटरची लाट आखडून २०० नॅनोमीटरची होते. १८० नॅनोमीटरच्या तारेत ती जवळजवळ नेमकी बसते. अशा वेळी लाट तारेवर आदळते असं म्हणण्यात अर्थ राहत नाही. ती तारेच्या टोकातून आत शिरते, तारेच्या बाजूने खाली उतरते, आणि उतरताना तिचा काही भाग तारेच्या बाहेरच्या हवेतही पसरलेला असतो. आतला भाग शोषला जातो तसा बाहेरचा भाग आत ओढला जातो. न्हाणीघरातल्या मोरीचं तोंड वीतभर असतं, पण पाणी सगळ्या फरशीवरचं तिच्याकडे येतं, तारेचंही तसंच. तिच्या अंगाच्या कितीतरी पट मोठ्या क्षेत्रातला प्रकाश तिच्यात येऊन पडतो. भौतिकशास्त्रज्ञ या क्षेत्राला तारेचा शोषण-छेद म्हणतात. मला सावली हाच शब्द जवळचा वाटतो: तारेची सावली तारेपेक्षा मोठी पडते.

यात व्यास अचूक लागतो. तार फार बारीक केली तर लाटेचा बहुतेक भाग बाहेर हवेतच राहतो आणि शोषण मंदावतं. फार जाड केली तर तिचं टोक सपाट पृष्ठभागासारखं वागू लागतं आणि प्रकाश परत फेकतं. उघडं सपाट सिलिकॉन त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जवळपास एक तृतीयांश प्रकाश असाच परत फेकतं. म्हणून साध्या सोलर पॅनलमधल्या घटांवरही परावर्तनरोधी थर चढवावा लागतो, आणि त्याच थरामुळे ते निळसर दिसतात. तारांच्या रानात शिरताना प्रकाशाला हवेतून एकदम घट्ट पदार्थात उडी मारावी लागत नाही, म्हणून परावर्तन आपोआप कमी होतं. एकाच सिलिकॉनच्या पण वेगवेगळ्या व्यासाच्या तारा शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगवेगळ्या रंगांच्या दिसतात. २०११ साली हार्वर्डमध्ये हे करून दाखवलं गेलं. रंगद्रव्य कुठेच नाही, फरक काय तो काही नॅनोमीटर जाडीचा.

या तारा तयार कशा करतात? मोठा तुकडा कोरून बारीक करता येतो, आणि करतातही. पण या विषयाची मुळं तारा ‘उगवण्या’त आहेत, आणि ती साठ वर्षं जुनी आहेत. १९४०-५० च्या दशकांत अमेरिकेतल्या टेलिफोन यंत्रणांमध्ये एक विचित्र उपद्रव सुरू झाला होता. कॅडमियम किंवा कथिलाचा मुलामा दिलेल्या सुट्या भागांवर धातूचे केसासारखे तंतू आपोआप उगवत आणि शेजारच्या भागाला टेकून शॉर्टसर्किट करत. बेल लॅब्जमध्ये या तंतूंचा पिच्छा पुरवला गेला. त्या प्रयोगशाळेत अशा स्फटिकतंतूंविषयी कुतूहल मुरलेलं होतं, आणि तिथेच १९६४ साली आर. एस. वॅग्नर आणि डब्ल्यू. सी. एलिस या दोघांनी सिलिकॉनचे तंतू मुद्दाम उगवण्याची रीत प्रसिद्ध केली.

ती रीत इतकी देखणी आहे की तिच्यापाशी जरा थांबायला हवं. सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याचा बारीक कण ठेवायचा आणि चकती तापवायची. सोनं वितळतं १,०६४ अंश सेल्सिअसला, सिलिकॉन १,४१४ अंशांना. पण दोघं एकत्र आले की योग्य प्रमाणात त्यांचं मिश्रण ३६३ अंशांनाच पातळ होतं. वॅग्नर आणि एलिस यांनी तापमान ठेवलं होतं ९५० अंश, म्हणजे शुद्ध सोनंही ज्यात वितळणार नाही इतकं. तरीही कणाचा थेंब झाला, कारण त्याने खालच्या चकतीतलं थोडं सिलिकॉन स्वतःत विरघळवून घेतलं. आता वरून हायड्रोजन आणि सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ सोडायची. वाफेतलं सिलिकॉन थेंबात उतरतं. थेंबाला पेलवेल त्याहून जास्त सिलिकॉन साठलं की जादा सिलिकॉन थेंबाच्या तळाशी, खालच्या स्फटिकावर, अणूंचा एकेक थर धरत बसू लागतं. थर वाढतो तसा थेंब वर उचलला जातो. वाफ येत राहते, थेंब वर सरकत राहतो, आणि त्याच्याखाली त्याच्याच रुंदीचा सिलिकॉनचा स्तंभ उभा राहतो. थंड केल्यावर तारेच्या टोकावर सोन्याची गोळी तशीच राहिलेली दिसते. वाफ, द्रव आणि घन या तीन अवस्थांवरून या रीतीला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘व्हीएलएस’ म्हणतात.

यातली खुबी अशी की तारेची जाडी थेंब ठरवतो. मोठा थेंब, जाड तार. लहान थेंब, बारीक तार. १९६४ मध्ये हे तंतू नॅनो नव्हते, अनेक तर चांगले जाडजूड होते. जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत केंजी हिरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅलियम आर्सेनाइडच्या नॅनोमीटर जाडीच्या तारा उगवल्या आणि त्यातून प्रकाशही काढून दाखवला. त्याच दशकाच्या अखेरीस हार्वर्डचे चार्ल्स लीबर, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पेइदोंग यांग आणि लुंडचे लार्स सॅम्युएल्सन यांच्या गटांनी या विषयाला वेग दिला. वाढ चालू असताना वाफ बदलली की एकाच तारेत एका पदार्थावर दुसरा पदार्थ चढवता येतो. परिस्थिती बदलली की तारेभोवती दुसऱ्या पदार्थाचं आवरणही चढतं. शिवाय सपाट थरांच्या बाबतीत एक जुनी डोकेदुखी असते. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातलं अणूंमधलं अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त आहे. त्यामुळे सिलिकॉनवर त्याचा थर चढवला की ताण साठतो आणि स्फटिकाला तडे व दोष जातात. तारेचा पाया एवढा अरुंद असतो की ती बाजूला थोडी फुगून ताण मोकळा करते. महागड्या अर्धवाहकाला स्वस्त सिलिकॉनवर उभं करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

सौर घटासाठी तारेचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते कल्पना म्हणून तो सावलीहून सरस आहे. घटात दोन गोष्टी घडाव्या लागतात. प्रकाश शोषला जाऊन इलेक्ट्रॉन मोकळा व्हावा लागतो आणि तो इलेक्ट्रॉन वाटेत हरवण्याआधी विद्युतअग्रापर्यंत पोचावा लागतो. सपाट घटात दोन्ही प्रवास एकाच रेषेत, वरून खाली असतात. सगळा प्रकाश शोषायचा तर पट्टी जाड हवी, आणि इलेक्ट्रॉन सुखरूप पोचवायचा तर ती पातळ हवी. या कात्रीतून सुटायला पदार्थ अतिशुद्ध लागतो, आणि शुद्धतेला पैसे लागतात. तारेत गाभा एका प्रकारच्या अर्धवाहकाचा आणि साल दुसऱ्या प्रकारची केली तर प्रकाश उभा खाली उतरतो आणि इलेक्ट्रॉन आडवा, काही नॅनोमीटर जाऊन सालीत पोचतो. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. २००५ साली कॅल्टेकमध्ये ब्रेंडन केज, हॅरी ॲटवॉटर आणि नेथन लुईस यांनी याचं गणित मांडलं आणि कमी शुद्ध सिलिकॉनमध्येही या रचनेचा लाभ होईल असं दाखवलं. २०१० साली त्याच संस्थेत सिलिकॉनच्या तारा पारदर्शक, रबरासारख्या पॉलिमरमध्ये रोवल्या गेल्या. जागा त्यांनी व्यापली ५ टक्क्यांहून कमी, आणि काही तरंगलांबींचा ९६ टक्क्यांपर्यंत प्रकाश शोषला. वाकवता येईल अशी ती काळी पट्टी होती. त्या तारा मात्र मायक्रोमीटर जाडीच्या होत्या, नॅनो नव्हत्या, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लीबर यांच्या गटाने २००७ मध्ये अशीच गाभा आणि साल असलेली सिलिकॉनची एकटी नॅनोतार घेऊन तिचाच सौर घट केला. तिची कार्यक्षमता होती ३.४ टक्के आणि वीज होती २०० पिकोवॉटपर्यंत. एक वॉट हवा असेल तर अशा ५०० कोटी तारा लागतील. हेतू घर उजळण्याचा नव्हताच. इतक्या लहान यंत्राला त्याच मापाचा वीजपुरवठा शेजारीच मिळू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

मग आला ४० टक्क्यांचा आकडा. २०१३ सालीच कोपनहेगनचं नील्स बोर इन्स्टिट्यूट आणि स्वित्झर्लंडमधलं लोझानचं तंत्रविद्यापीठ यांच्या संशोधकांनी सिलिकॉनवर उभी केलेली गॅलियम आर्सेनाइडची एकच तार तपासली. तिची ‘भासमान’ कार्यक्षमता ४० टक्के भरली. एका पदार्थाच्या साध्या सौर घटाची सैद्धांतिक मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ मध्ये ती मांडली आणि पुढच्या सगळ्या घटांचं मोजमाप तिच्याशी झालं. ती मर्यादा मोडली अशा आशयाच्या बातम्या लगेच निघाल्या. शोधनिबंधात ‘भासमान’ हा शब्द होता. बातम्यांत तो गळला किंवा कोपऱ्यात गेला. कार्यक्षमता म्हणजे मिळालेली वीज भागिले पडलेलं ऊन. पडलेलं ऊन काढताना तारेच्या टोकाचं क्षेत्रफळ धरलं होतं आणि तार तर ऊन ओढत होती त्याच्या कितीतरी पट जागेतून. भाजक लहान धरला की उत्तर मोठं येणारच. त्या तारेच्या शेजारी दुसरी तार उभी केली की दोघींना तेच ऊन वाटून घ्यावं लागतं. तारांचा पूर्ण घट करून त्याच्या सगळ्या क्षेत्रफळाने भागलं तर आकडे जमिनीवर येतात: लुंडचे १३.८, त्यानंतर गॅलियम आर्सेनाइडच्या तारांचे १५.३, आणि आइंडहोव्हनमध्ये कोरून काढलेल्या इंडियम फॉस्फाइडच्या तारांचे १७.८ टक्के. अंतर्गत प्रगती म्हणून ही वाटचाल चांगलीच आहे. पण आज गच्चीवर बसणाऱ्या सिलिकॉनच्या साध्या पॅनलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

तारेचं खरं दुखणं तिच्या पृष्ठभागात आहे. स्फटिकाच्या आत प्रत्येक अणूला चारी बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध मोकळे लोंबत राहतात आणि जवळून जाणारा इलेक्ट्रॉन तिथे अडकून वाया जातो. लुंडच्या घटात सपाट घटाच्या तुलनेत आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग सुमारे तीस पट जास्त होता. तरीही त्याचा व्होल्टेज ०.९०६ व्होल्ट, म्हणजे सपाट घटापेक्षा थोडा वरच निघाला, कारण इंडियम फॉस्फाइडचा पृष्ठभाग मुळात सौम्य आहे. गॅलियम आर्सेनाइडचा तसा नाही. त्याच्या उघड्या नॅनोतारेत इलेक्ट्रॉन टिकतच नाहीत, म्हणून तिला ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडची साल चढवावी लागते. टोकावरची सोन्याची गोळीही निरुपद्रवी नाही. सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये मिसळले तर तेच इलेक्ट्रॉनांचे सापळे होतात. अनेक प्रयोगशाळा आता सोन्याशिवाय, गॅलियमच्याच थेंबाखाली तारा उगवतात, त्याचं हे एक कारण.

धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फार लांब नाही. २००८ साली सॅम्युएल्सन यांच्या संशोधनातून सोल व्होल्टॅइक्स ही कंपनी स्वीडनमध्ये उभी राहिली. त्या वर्षी सौर घटांना लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोमागे ४०० डॉलरच्या वर गेला होता. पदार्थ कमी लागेल असं कुणी म्हटलं तर ऐकायला गुंतवणूकदार तयार होते. लुंडमध्ये एक नवी रीतही सापडली होती. चकती नाहीच, सोन्याचे कण वायूच्या झोतात तरंगत भट्टीतून जातात आणि तरंगता-तरंगताच त्यांना सेकंदाला सुमारे एक मायक्रोमीटर वेगाने तारा फुटतात. २०१२ साली ‘नेचर’मध्ये तिचं वर्णन आलं. या तारा सरळ रेषेत उभ्या करून त्यांचा पापुद्रा साध्या सिलिकॉन पॅनलवर चढवायचा, अशी कंपनीची योजना होती. पण तोपर्यंत चीनमध्ये कारखान्यांची रांग लागली आणि २०१२ सरता-सरता सिलिकॉनचा भाव किलोला २० डॉलरच्या खाली आला. पॅनलचा दर वॉटमागे सुमारे चार डॉलर होता तो दहा-बारा वर्षांत पाव डॉलरच्याही खाली गेला. जे वाचवायचं होतं तेच स्वस्त झालं. २०१९ मध्ये सोल व्होल्टॅइक्सचं दिवाळं निघालं. तंत्र फसलं म्हणून नव्हे, पण बाजाराला त्याची वाट पाहायची गरज उरली नाही.

पृथ्वीच्या वर मात्र हिशेब वेगळा आहे. उपग्रहावर ग्रॅमाला किंमत आहे आणि तिथे प्रोटॉनांचा मारा घटांना हळूहळू निकामी करतो. तार एवढी बारीक असते की दोष निर्माण झाले तरी इलेक्ट्रॉनला जायचं अंतर कमी असल्याने त्याचं फारसं बिघडत नाही. गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोतारांचे घट सपाट घटांपेक्षा असा मारा कित्येक पटींनी चांगला सोसतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

प्रकाश गिळणारी तार प्रकाश ओकूही शकते. २००१ साली बर्कलीत पेइदोंग यांग यांच्या गटाने नीलमण्याच्या चकतीवर झिंक ऑक्साइडच्या तारा उगवल्या. जाडी २० ते १५० नॅनोमीटर, उंची दहा मायक्रोमीटरपर्यंत. त्यांच्यावर अतिनील लेझरचे झोत टाकले तेव्हा तारांमधून ३८५ नॅनोमीटरचा लेझर प्रकाश निघाला, तोही साध्या खोलीच्या तापमानाला. लेझरला दोन आरसे लागतात, त्यांच्यामध्ये प्रकाश मागे-पुढे फिरत बळावतो. इथे आरसे कुणी बसवलेच नव्हते. स्फटिक वाढताना त्याची दोन्ही टोकं अणूंच्या पातळीवर गुळगुळीत झाली होती, तेवढं पुरलं. दोनच वर्षांनी हार्वर्डमध्ये कॅडमियम सल्फाइडच्या एकट्या तारेत नुसती वीज सोडून लेझर पेटवला गेला. सोप्या वाटणाऱ्या गॅलियम आर्सेनाइडच्या तारेला खोलीच्या तापमानाला लेझर व्हायला २०१३ उजाडलं. ते काम कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत झालं, आंध्र प्रदेशातल्या खेड्यातून तिथे पोचलेल्या चेन्नुपती जगदीश यांच्या गटात. आणि ते जमलं ते वर सांगितलेल्या सालीमुळेच.

इतक्या लहान लेझरची गरज चिप बनवणाऱ्यांना आहे. चिपवर आकडे तांब्याच्या तारांतून धावतात आणि तांबं तापतं. प्रकाश वापरला तर ती उष्णता टळते. अडचण एवढीच की चिप ज्याची असते ते सिलिकॉन प्रकाश देण्यात अगदी कंजूष आहे. त्याच्या घनाकृती स्फटिकरचनेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाशाऐवजी बहुतांशी उष्णतेत जाते. जर्मेनियमचंही तेच. अणूंची मांडणी घनाकृतीऐवजी षट्कोनी केली तर जर्मेनियम चांगला प्रकाश देईल असं गणित अनेक वर्षं सांगत होतं, पण निसर्गतः ते तसं बसत नाही. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात एरिक बाकर्स यांच्या गटाने त्याला नॅनोतारेचा साचा दिला. नॅनोतारेत गॅलियम आर्सेनाइड षट्कोनी रचनेत वाढवता येतं; अशा तारेवर त्यांनी जर्मेनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रणाची साल चढवली. सालीतल्या अणूंनी आतल्या तारेची मांडणी उचलली आणि मिश्रण प्रकाशू लागलं. २०२० साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. सिलिकॉनचं प्रमाण बदलत त्यांना १.८ ते ३.५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळाला. समुद्राखालून आणि रस्त्यांखालून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरमध्ये आज जो प्रकाश धावतो त्याची तरंगलांबी आहे १.५५ मायक्रोमीटर.